प्यालेल्या पाण्याचा नव्हे, गेलेल्या पाण्याचा हिशेब

रोज आठ पेले पाणी प्यावे, हा सल्ला आता शाळेच्या फलकापासून मोबाइलच्या घंटीपर्यंत सगळीकडे मिळतो. शिरूरच्या एखाद्या बँकेत पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनालाही तोच आणि मार्च महिन्यात इनामगावच्या शिवारात उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईलाही तोच. या दोघांच्या अंगातून दिवसाकाठी जाणाऱ्या पाण्यात काही लिटरांचा फरक असू शकतो. मग दोघांना पुरणारा आकडा एकच कसा असेल? पाण्याची नोंद जरूर ठेवावी, पण ती पोटात गेलेल्या पेल्यांची नव्हे, अंगातून गेलेल्या पाण्याची, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. घोड-भीमेच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे फार समजावून सांगायला नको. उसाला पाणी देताना जाणता माणूस नुसते दिवस मोजत नाही. सरीत उतरतो, ढेकूळ हातात दाबून पाहतो, वाफसा आला की मगच मोटर सुरू करतो. (वीज रात्रीची मिळाली तर वाफशाची वाट कोण पाहतो, हा भाग वेगळा.) जी तपासणी आपण जमिनीची करतो, ती स्वतःच्या अंगाची करायला दोन-चार साध्या गोष्टी लागतात.

आधी आठ पेल्यांचे मूळ पाहू, कारण तिथेच गोम आहे. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते. मात्र त्यातले बरेचसे पाणी जेवणातूनच मिळते, हेही लगेच पुढे नोंदवले होते. लोकांच्या लक्षात आकडा राहिला आणि पुढचे वाक्य गळाले. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ साली या सल्ल्याचा शास्त्रीय आधार शोधून पाहिला, तेव्हा निरोगी प्रौढांनी रोज आठ पेले प्यायलाच हवे असे सिद्ध करणारा पुरावा त्याला मिळाला नाही. त्यानंतरचा महत्त्वाचा अभ्यास २०२२ सालचा, ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. २३ देशांतील ५,६०४ माणसांवर तो केला होता. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. संशोधकांनी कोणालाही किती पेले प्यालात हे विचारले नाही. ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, खूण असलेले पाणी थोडेसे पाजले आणि ती खूण लघवीतून किती वेगाने ओसरते ते मोजले. म्हणजे त्यांनीही हिशेब धरला तो गेलेल्या पाण्याचाच. विशी-तिशीतल्या पुरुषांच्या शरीरातून दिवसाला सरासरी ४.२ लिटर पाणी ये-जा करते आणि तरुण बायकांच्या शरीरातून ३.३ लिटर, असे त्यात आढळले. पण व्यक्तिव्यक्तींतला फरक लिटराच्या आसपासपासून सहा लिटरांपर्यंत होता, क्वचित त्याहूनही जास्त. वय, अंगाची चण, कष्टाचे काम, हवेची उष्णता आणि दमटपणा या सगळ्यांचा त्यात वाटा होता. हे चार लिटर काही सगळेच प्यायचे नसतात. त्यातले बरेचसे भाजी-आमटीतून, भातातून, फळांतून येते. थोडे शरीर अन्न जाळताना स्वतःच तयार करते. सरासरी काढून सगळ्यांच्या हाती एक आकडा देण्यात अर्थ नाही, हे मात्र या अभ्यासाने पक्के केले.

इनामगावसारख्या ठिकाणी तर मुळीच नाही. हा मुलूख पर्जन्यछायेतला. घोड नदीच्या काठावरच्या इथल्या टेकाडांत ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्यात ख्रिस्तपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि सोबत पुराचे पाणी वळवून अडवण्यासाठी खणलेला लांबलचक चर व त्याच्या कडेचा बांधही. पुढे ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटल्याने शेती आखडली आणि माणसे शिकार-गुराखीपणाकडे वळली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. आज घोड धरणाच्या पाण्याने शिवारात ऊस उभा आहे. तरी उन्हाळा तोच आहे आणि त्यात राबणारी माणसेही आहेतच. फेब्रुवारी-मार्चपर्यंत फडात राहणाऱ्या ऊसतोड टोळ्या, एप्रिल-मेमध्ये कांदा काढणाऱ्या बायका, दौंडच्या रेल्वे यार्डात किंवा रांजणगावच्या कारखान्यांत तापल्या पत्र्याखाली पाळी करणारे कामगार, या सगळ्यांच्या घामाचा दर निराळा. उसाच्या फडाचे तर खास आहे. उभ्या उसात वारा शिरत नाही, पाचट कापू नये म्हणून अंगभर कपडे घालावे लागतात, लुगड्यावर जुना शर्ट चढवावा लागतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही. मोबाइलमधल्या पाण्याची आठवण देणाऱ्या ॲपला तुमचे वजन ठाऊक असते, एखाद्याला बाहेरचे तापमानही ठाऊक असते. फडात वारा नाही हे कुठल्याच ॲपला ठाऊक नसते.

तेव्हा मोजायचे कसे, ते सांगतो. पहिली पायरी सकाळची. उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन करा. काटा शंभर ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा हवा. धान्याचा जुना काटा इथे उपयोगाचा नाही. नेहमीचे खाणे-पिणे आणि बेताचे काम असलेल्या काळात सलग चार-पाच सकाळी केलेल्या वजनाची सरासरी हे तुमचे आधारवजन. त्यानंतर एखाद्या सकाळी वजन एक टक्क्याहून जास्त, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहाशे ग्रॅमहून अधिक घटलेले दिसले, तर ती घट बहुधा चरबीची नसते, पाण्याची असते. एका रात्रीत कोणी एवढे रोडावत नाही. दुसरी खूण लघवीच्या रंगाची. फिकट लिंबू सरबताच्या रंगाची असेल तर ठीक. गडद पिवळी, कोऱ्या चहाकडे झुकणारी आणि थोडी असेल तर पाणी कमी पडते आहे. तिसरी खूण तहानेची. यांतली एकटी कुठलीही खूण फसवी असते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीधमक होते, बिटाने लालसर होते, आदल्या रात्री जेवण चुकले तर वजन तसेही कमी भरते. पण तिन्हींपैकी दोन खुणा एकाच सकाळी दिसल्या तर पाण्याची तूट आहे असे धरावे, आणि तिन्ही दिसल्या तर शंका उरत नाही. खेळाडूंच्या तयारीत ही त्रिसूत्री चांगली रुळलेली आहे. मजुराच्या घामाला ती लागू पडू नये असे काही नाही.

दुसरी पायरी कामाच्या वेळची, आणि ती रोज नव्हे, हंगामात दोन-तीनदाच करायची. कामाला लागण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, काम संपल्यावर घाम पुसून तशाच कपड्यांत पुन्हा करा, आणि मधल्या वेळात किती प्यालात तेवढे लक्षात ठेवा. समजा, सकाळी वजन ६२ किलो होते, तीन तासांनी ६१.२ भरले, आणि मधे एक लिटर पाणी प्याले. घटलेले आठशे ग्रॅम म्हणजे आठशे मिलिलिटर. त्यात प्यालेले एक लिटर मिळवा. तीन तासांत १.८ लिटर गेले, म्हणजे तासाला सहाशे मिलिलिटर. मधे लघवीला जाऊन आला असाल तर अदमासे तेवढे वजा करा, आणि मधे भाकरी खाल्ली असेल तर तिचे वजन मिळवा. हा तुमचा, त्या कामाचा आणि त्या हवेचा घामाचा दर. शेजारच्या माणसाचा याच्या दीडपट निघू शकतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. हा दर हाती आला की पेले मोजण्याला अर्थ येतो, कारण आता किती भरून काढायचे ते ठाऊक असते. त्यासाठी आपली भांडी मात्र एकदा मापून ठेवा. घरातला तांब्या कोणाकडे पाऊण लिटरचा असतो, कोणाकडे सव्वाचा. स्टीलचा पेला दीडशेचाही मिळतो आणि अडीचशेचाही. लिटरची बाटली घेऊन एकदा ओतून पाहिले की आयुष्यभराचे काम होते.

भरून काढायचे म्हणजे तासाभराने घटाघटा ढोसायचे नव्हे. उन्हात काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संस्था दर पंधरा-वीस मिनिटांनी सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे एक मोठा पेला, असा सल्ला देते आणि तासाला सुमारे १.४ लिटरच्या वर जाऊ नका असेही बजावते. ही दुसरी अर्धी सूचना आपल्याकडे कोणी सांगत नाही. पाणी कितीही प्या, ते निघून जाते, अपाय काही नाही, ही समजूत घरोघरी आहे. मूत्रपिंडे तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो, आणि टोकाला गेले तर झटके येऊन माणूस दगावतो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के जणांत सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. आणि ज्यांचे वजन शर्यतीअंती वाढले होते त्यांच्यात हे ठळकपणे दिसले. म्हणजे जास्त पिण्याचा धोका ओळखायचा मार्गही पुन्हा वजनच: कामाच्या अखेरीस वजन सकाळपेक्षा जास्त भरले, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात. मिठाचा प्रश्न यालाच लागून येतो. भाकरी, ठेचा, लोणचे असे जेवण वेळेवर होत असेल तर घामातून गेलेले मीठ बहुतेकांचे त्यातूनच भरून निघते. दोन-तीन तासांहून जास्त घाम गाळायचा असेल तर मधे मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णाने मात्र मीठ आपल्या मनाने वाढवू नये. जुलाब-उलट्यांतली तूट वेगळी. तिथे ताकावर न थांबता ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच विरघळवावी, पाणी कमी-जास्त करू नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, निसर्गाने तहान दिली आहे, ती लागेल तेव्हा प्यावे, हे मोजमाप कशाला? सावलीत बसून काम करणाऱ्या निरोगी तरुणाच्या बाबतीत हा आक्षेप मला मान्य आहे. त्याने काहीही मोजू नये; तहानेचे ऐकावे आणि आपल्या कामाला लागावे. पण तहान दोन ठिकाणी मागे पडते. एक कष्टात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अडॉल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या सैनिकांवर प्रयोग केले. ते १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हाताशी पाणी असूनही उन्हात राबणारी माणसे गमावलेल्यापेक्षा कमी पितात आणि ती तूट जेवणाला बसल्यावर भरून काढतात, असे त्यांना दिसले. मजुराचे जेवणच लांबले किंवा दोन घासांत उरकले, की ती भरपाईही चुकते. दुसरे ठिकाण म्हातारपण. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात तरुण आणि सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना दिवसभर पाण्यावाचून ठेवले. नंतर पाणी समोर आल्यावर वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते प्यालेही कमी. घरातली आजी ‘मला नाही गं तहान’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिच्या अंगातली ती सूचनाच क्षीण झालेली असते. तिच्याबाबतीत तिला विचारत बसण्यापेक्षा सकाळचे वजन आणि लघवीचा रंग यांवर विसंबावे. चहा प्यायल्याने पाणी उलट जाते म्हणून तिचा चहा तोडणाऱ्यांनी मात्र थोडे थांबावे. सवयीच्या माणसाला दोन-तीन कप चहातून पाणी मिळतेच. तो हिशेबात धरायला हरकत नाही.

मुतखड्याचा त्रास एकदा झालेल्यांना तर गेलेल्या पाण्याचा हिशेब डॉक्टरच सांगतात, फक्त बरेचदा तो अर्धाच पोहोचतो. ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच कानावर येते. इटलीतल्या पार्मा येथे बोर्गी यांच्या गटाने पहिला खडा झालेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. निकाल १९९६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला दिवसाकाठी किमान दोन लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यायला सांगितले होते. त्या गटात १२ टक्के जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेचे मार्गदर्शन पुढे अडीच लिटरांवर गेले. लक्षात घ्या, हे माप लघवीचे आहे. पंख्याखाली बसून तीन लिटर पिणाऱ्याची अडीच लिटर लघवी कदाचित होईल. फडात पाच लिटर पिऊनही ती होणार नाही, कारण बाकीचे घामात गेलेले असते. खड्याचा इतिहास असेल तर सुटीच्या दिवशी एकदा चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजून पाहावी, आणि तशीच एकदा कामाच्या दिवशी. किळस वाटण्यासारखे त्यात काही नाही, आणि पुन्हा येणाऱ्या कळेपेक्षा हे नक्कीच सोपे आहे.

हे सगळे ठीक, पण ज्या बाईला फडात आडोसाच नाही ती पाणी पिईलच कशाला, असे कोणी विचारील, आणि हा आक्षेप मोजमापाने सुटणारा नाही. रानात, कोपीवर, शाळेत, प्रवासात बायका आणि मुली पाणी टाळतात ते अज्ञानाने नव्हे. लघवीला जायची सोय नाही म्हणून त्या जाणूनबुजून तहान मारतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिले. वर्षभरात त्यांच्यातले संसर्ग सरासरी १.७ वर राहिले, दुसऱ्या गटातल्या ३.२ च्या जवळजवळ निम्म्यावर. पाणी टाळण्याची किंमत ही अशी असते. केरळ आणि कर्नाटकात २०१९ मध्ये शाळांतून पाणी पिण्याची घंटा सुरू झाली, तिचा उपयोगही शाळेतले मुलींचे स्वच्छतागृह उघडे आणि वापरण्याजोगे असेल तेवढाच. म्हणून टोळीचा मुकादम असो, कांदा काढून घेणारा बागायतदार असो की शाळेचे मुख्याध्यापक, पाण्याच्या जारशेजारी आडोशाची सोय करणे हे त्यांचे काम आहे. बाईला ‘जास्त पाणी पीत जा’ म्हणून मोकळे होणे नव्हे. नुसत्या पाण्याने भागत नाही याचा धडा उसाच्याच शेतांतून आला आहे. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशांत मधुमेह-रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. त्याच्या कारणांवर अजून वाद आहे. पण उष्णतेतले कष्ट आणि पुन्हा पुन्हा होणारी पाण्याची तूट यांवरचा संशय दाट आहे, आणि निकाराग्वात पाण्याच्या जोडीला सावलीतली विश्रांती वाढवल्यावर मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. आपल्या फडांत टोळीमागे एक काटा, एक सावलीची जागा आणि ठरलेल्या वेळची विश्रांती यांचा खर्च उचलीच्या रकमेपुढे किरकोळ आहे.

काहींनी मात्र हा लेख वाचून स्वतःच्या मनाने पाणी वाढवू नये. हृदय कमकुवत असलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, डायलिसिसवर असलेले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना पाण्याची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवून द्यायची असते; त्यांच्याबाबतीत वजन अचानक वाढणे हीसुद्धा तितकीच गंभीर खूण. सहा महिन्यांखालच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, दूधच जास्त वेळा पाजावे. आणि उन्हात काम करताना कोणी बरळू लागले, अंग तापून भट्टी झाले किंवा शुद्ध हरपली, तर पाणी पाजण्याच्या खटपटीत पडू नये. तो उष्माघात असतो. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. लघवी तपकिरी-काळसर झाली तरी दवाखानाच गाठावा.

नोंदीसाठी कॅलेंडरची मोकळी जागा पुरते: सकाळचे वजन, रंगासाठी ‘फ’ (फिकट) किंवा ‘ग’ (गडद), बस्स. रोज लिहायचे ते उन्हाच्या दोन-अडीच महिन्यांतच; पावसाळ्यात ही नोंद थांबवली तरी चालेल. आधारवजन मात्र फेब्रुवारीतच काढून ठेवा. मे महिन्यात काढलेले आधारवजन आधीच आटलेल्या अंगाचे असते, आणि मग पुढची प्रत्येक सकाळ नोंदीत ठीकठाकच दिसते.